चालला तर चहा

सन दोन हजार पंचवीस. चैत्र सरत आला होता, वैशाख दारात उभा होता. केदारखेड्याच्या शिवारात तुती सोडली तर हिरवं काही उरलं नव्हतं. त्या दिवसांत माझ्या किमतीचा निकाल लागला. मी कीबोर्ड आहे. माझं मीच सांगतो. मधे कोणी बोलू नये.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. माझ्या अंगावर अक्षरं आहेत, पण मी शिकलेला नाही. पोत्यावर गिरणीचं नाव छापलेलं असतं, म्हणून पोतं काही वाचत नाही. मला दाब कळतो. कोणतं बटण दाबलं, भीत दाबलं की रागानं, एवढं कळतं. पडद्यावर काय उमटलं ते मला दिसत नाही, कारण माझं तोंड आभाळाकडं असतं. पडद्यावरचं मी जे सांगेन, ते माणसांच्या तोंडून ऐकलेलं.

मी जुन्या घडणीचा, वजनदार. बटण दाबलं की टक् आवाज येतो. हल्लीचे पातळ कीबोर्ड मुके असतात. काम झालं की आवाज झाला पाहिजे, असं माझं मत आहे.

माझी पहिली चाकरी जालन्यात, टायपिंगच्या क्लासात झाली. पोरंपोरी यायची, परीक्षेसाठी मला बडवायची. नापास झाली की म्हणायची, कीबोर्ड खराब होता. पास झाली की पेढे सरांना. मी तक्रार केली नाही. पुढं क्लासात पातळ माल आला आणि आम्हाला पोत्यात भरून जुन्या जालन्यात राधेश्यामच्या दुकानी टाकलं.

राधेश्यामचं दुकान म्हणजे जुन्या कॉम्प्युटरचा दवाखाना, आणि ज्याला औषध लागू पडलं नाही त्याचा मसणवटा. दोन्ही बाजूंना धान्याची ठोक दुकानं. दिवसभर पोती उतरायची. ज्वारीचा कोंडा, हळदीची धूळ, सगळं उडून माझ्यात बसायचं. बटणांवरची अक्षरं आणि आकडे बुजून गेले. आवाजही बसला. माझीच वायर माझ्या गळ्याला गुंडाळून मी ढिगात पडून राहिलो.

आदल्या वर्षीच्या दिवाळीत तिथं नंदाबाई आली.

नंदाबाई केदारखेड्याची. नवरा मच्छिंद्र, घरची शेती. शेतात तुती आणि तुतीच्या पाल्यावर रेशमाच्या अळ्या. अळ्यांचं शेड नंदाबाईच्या ताब्यात. एकुलता मुलगा कल्याण पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत. त्या साली उन्हाळ्यात शेड तापलं आणि नंदाबाईची अख्खी बॅच मेली. तिनं मेलेल्या अळ्या टोपल्यांनी उचलून खड्ड्यात पुरल्या. तेव्हा मच्छिंद्र म्हणाला होता, "अजून एक उन्हाळा बघतो. पुन्हा असं झालं तर तुती उपटणार अन् शेडात कांदा भरणार. बिलकुल ऐकणार न्हाई."  नंदाबाई ते विसरली नव्हती.

म्हणून कल्याणनं दिवाळीच्या सुट्टीत एक डबा बनवला. डब्यात लहानसा कॉम्प्युटर. शेडातली गरमी आणि ओल तो मोजणार, आणि आपण ठरवून दिलेल्या आकड्याबाहेर गेली की कूलर आणि पाण्याची फवार आपोआप चालू करणार. पडदा जुना मिळाला होता. कीबोर्ड हवा होता.

कल्याण पातळ कीबोर्ड बघत होता. नंदाबाईनं ढिगात हात घातला, वायरीला धरून मला ओढून काढलं आणि एक बटण दाबलं. टक्.

"ह्यो घे," ती म्हणाली. "ह्यो बोलतो तरी."

"आई, ते भंगार आहे."

"मंग काय झालं? तुझा बापबी जुनाच हाय. चालतो की."

मच्छिंद्र दारात उभा होता. तो म्हणाला, "चालायला तू वाट ठिवली तर चालीन."

राधेश्यामनं मला उलटंपालटं केलं. "ताई, याचे पैसे कसे घेऊ? चालेल का नाही, भगवान जाने. असाच घेऊन जा."

"फुकटचं न्हाई नेत मी."

"मग असं करा. चालला तर एक चहा पाजा. नाही चालला तर आणून फेका इथंच."

"चालला तर चहा," नंदाबाई म्हणाली. "ठरलं."

म्हणजे माझी किंमत एक कप चहा. तीही लगेच नाही, चाललो तर. मला हे लागलं. आजही लागतं.

घरी आल्यावर नंदाबाईनं पहिलं काम केलं ते कोणी करत नाही. तिनं मला मोरीवर नेलं आणि धुतलं. दात घासायचा जुना ब्रश घेतला, भांड्याचा साबण घेतला आणि एकेक बटण घासलं. कोंडा निघाला, हळद निघाली. मग अंगणात बाजेवर, वाळत घातलेल्या मुगाच्या शेजारी, मला उन्हात ठेवलं. चांगलं कडक ऊन. मी आत कोरडा होत गेलो. संध्याकाळी तिनं बटण दाबलं, तर क्लासातला माझा आवाज परत आलेला.

कल्याण बाहेरून आला आणि डोक्याला हात लावून उभा राहिला. "आई! कीबोर्ड कोणी धुतं का? कशानं धुतला?"

"विमनं."

कल्याण हसत हसत तिथंच ओट्यावर बसला. का, ते दुसऱ्या दिवशी कळलं. तिला जे शिकवायचं होतं त्याचंही नाव विम.

"डब्याला माऊसबिऊस कळत नाही," कल्याण समजावत होता. "पडद्यावर काळी खिडकी उघडायची. त्यात आकड्यांची फाइल उघडायची. ती ज्याच्यात उघडते त्याला विम म्हणतात."

"भांडे घासायचा?"

"त्याचा नावभाऊ समज. ह्याच्यात सगळं बटणांनीच करायचं. आणि ह्याची दोन मनं आहेत. एका मनात असला की हुकूम ऐकतो. दुसऱ्या मनात असला की जे दाबशील ते लिहून घेतो. हुकमाच्या वेळी लिहायला गेलीस तर ऐकत नाही. लिहायच्या वेळी हुकूम दिलास तर हुकूमच लिहून ठेवतो."

मला वाटलं, आता बाई उठून जाणार. नंदाबाई म्हणाली, "म्हंजे शेडावानीच की. आत जाताना हातपाय धुवायचे, आत अळ्यांचंच काम करायचं. कोणाला हाका मारायच्या तर बाहेर यायचं."

"बरोबर. तेच."

"मंग आत जायचं बटण दाखव अन् बाहेर यायचं दाखव."

मग तिनं आरशावरून टिकल्यांचं पाकीट आणलं. मी सबंध आयुष्य ताठ मानेनं काढलेला. त्या दिवशी माझ्या अंगावर टिकल्या लागल्या. 'आय'वर हिरवी, आत जाण्यासाठी. कोपऱ्यातल्या 'एस्केप'वर लाल, बाहेर येण्यासाठी. मग तीन काळ्या, लिहिलेलं जपून ठेवून फाइल बंद करण्यासाठी: दोन टिंबांच्या बटणावर एक, 'डब्ल्यू'वर एक, 'क्यू'वर एक. टिंबांचं दाबताना शिफ्ट धरायचं. आणि 'यू'वर पिवळी, झालेली चूक मागं घ्यायची.

पिवळीची परीक्षा मच्छिंद्रनं घेतली. "बघू तरी काय हाय," म्हणून त्यानं एक जाड बोट माझ्यावर दोनदा आपटलं. नेमकं 'डी' होतं. पडद्यावरची अख्खी ओळ गेली. तो घाबरून मागं सरला. नंदाबाईनं पिवळी टिकली दाबली. ओळ परत आली.

"हे बटण घरात पायजे व्हतं," मच्छिंद्र म्हणाला. "लग्नातच दाबलं असतं."

"तुमच्या आधी माझं बोट पोचलं असतं," नंदाबाई म्हणाली.

कल्याण पुण्याला जायच्या आदल्या दिवशी एकच भांडण झालं. नंदाबाईला फाइलीच्या डोक्यावर श्री लिहायचा होता.

"आई, मशीनला श्री कळत नाही. ते अडखळेल."

"श्री न लिहिता काम सुरू करायचं? तू शाळेत पाटीवर आधी काय लिहिलं व्हतं?"

कल्याण हरला. त्यानं वरच्या ओळीत जाळीसारखी एक खूण टाकून दिली. म्हणाला, "ह्या जाळीच्या पुढं काहीही लिही. मशीन ती ओळ वाचतच नाही." आल्ट आणि शिफ्ट एकदम दाबलं की मराठी लागेल, परत दाबलं की इंग्रजी लागेल, अशी सोयही करून दिली. श्री लिहायला माझी कोणती बटणं कोणत्या क्रमानं दाबायची, तेवढं तिच्याकडून घोटून घेतलं. मराठीतलं तेवढंच शिकवलं.

तेव्हापासून नेम झाला. अळ्यांचं वय बदललं की गरमीचा आणि ओलीचा आकडा बदलावा लागतो. लहानपणी अळ्यांना ऊब आणि ओल जास्त लागते, मोठेपणी कमी. दर वेळी नंदाबाई फाइल उघडायची, आधीचा श्री पुसायची आणि नवा लिहायची. शिळा श्री तिला चालत नसे. मग मराठी काढायची आणि आकडे टाकायची. लाल टिकली, तीन काळ्या. टक् टक् टक् टक्. मला जुन्या साडीचा अभ्रा शिवला होता, तो घालायची आणि शेडात जायची. शेडाला लागून असलेल्या खोलीत मी. भिंतीपलीकडं अळ्या पाला खायच्या, त्याचा बारीक कुरकुर आवाज दिवसभर यायचा. मला तो आवडायचा. त्याही कामाचा आवाज करणाऱ्या.

थंडीच्या बॅचा नीट गेल्या. नंदाबाई म्हणाली, "आता राधेश्यामभाऊचा चहा द्यायला पायजे."

मच्छिंद्र म्हणाला, "थंडीत कोणाच्याबी अळ्या जगतात. तुझ्या डब्यानं काय केलं त्याच्यात? उन्हाळा काढ, मंग चालला म्हण."

तिला ते पटलं. चहा राहिला.  मी मनात म्हटलं, ठीक आहे. येऊ दे उन्हाळा.

आला. चैत्रातली बॅच चौथ्या कातीपर्यंत चांगली आली. चौथी कात टाकली की अळ्या पोटभर खातात आणि मग कोष विणतात. हेच दिवस जपायचे. आदल्या साली ह्याच वयात मेल्या होत्या. त्या दिवशी सकाळी अळ्या कात टाकून उठल्या. आकडे बदलायची वेळ झाली. गरमी पंचवीस, ओल सत्तर.

नंदाबाई आली. अभ्रा काढला. फाइल उघडली. आल्ट, शिफ्ट. श्री लिहिला. तेवढ्यात बाहेरून मच्छिंद्रची हाक आली, "पाला आला! उतरू लाग, जल्दी! वाळून जाईल!" ती उठली. तुतीच्या फांद्यांचे भारे उतरवले, ओल्या गोणपाटाखाली झाकले, हात धुतले आणि परत आली. बसली आणि आकडे टाकले. दोन, पाच. सात, शून्य. माझी बटणं बरोबर दाबली गेली. मी साक्षीला आहे.

मग घाईत तिनं लाल टिकली न दाबता तीन काळ्या दाबल्या.

"ह्याला काय झालं?" ती पडद्याकडं बघून म्हणाली. "छै छै करून राह्यला!"

तिनं कल्याणला फोन लावला आणि फोन माझ्याजवळ उताणा ठेवला. "अरे, फाइल बंदच होईना. आकड्यापुढं छै असं काहीतरी आलंय. वर मात्रा बी हाय."

कल्याण हसला. "आई, मराठी लागलेलं राहिलंय. आणि तू आतच आहेस, बाहेर आली नाहीस. आल्ट-शिफ्ट दाब. ते छै पूस. लाल टिकली दाब. मग काळ्या."

तिनं तसं केलं. फाइल बंद झाली. "झालं रे बाबा," म्हणून तिनं मला अभ्रा घातला आणि पाला टाकायला गेली.

थोड्या वेळानं कूलर थांबला.

आधी मला वाटलं लाइट गेली. पण खोलीतला दिवा जळत होता. फवारही थांबली. बाहेर ऊन असं की पत्र्यावर हात ठेववत नव्हता. भिंतीपलीकडून नंदाबाईचे पाय पळत आले.

"अहो! कूलर बंद पडला!"

मच्छिंद्र आला. डब्याकडं बघितलं. "काढ हे झेंगट. सरळ वायर जोडतो."

"कल्याणनं सगळं डब्यातून फिरवलंय. भलतीकडं जोडलं तर कूलरच जळंल. वायरमनला फोन लावा."

मच्छिंद्रनं लावला. वायरमन हसनाबादला लग्नात होता. संध्याकाळी येतो म्हणाला. संध्याकाळपर्यंत काय उरलं असतं ते दोघांनाही माहीत होतं.  मच्छिंद्रनं बादल्या भरभरून आणल्या आणि शेडाच्या खिडक्यांवरची गोणपाटं भिजवत सुटला. ती भिजत होती आणि बघता बघता वाळत होती.

नंदाबाईनं पुन्हा फोन लावला. 

"फाइल उघड," कल्याण म्हणाला. "आकडे वाच."

"गरमी पंचवीस. ओल सत्तर."

"बरोबर आहेत. डब्यावरचा दिवा?"

"जळून राह्यला."

"वायर हलली का कुठली?"

"न्हाई हलली. म्या बघितली."

"आकडे परत वाच."

"पंचवीस. सत्तर. अरे, म्या काय पाढे म्हणायला बसले का?"

"आई, चिडू नको. आकडे बरोबर आहेत, वायर बरोबर आहे, मग डबा का थांबला मला कळेना."

पलीकडं कुरकुर थांबली होती. ते आधी माझ्या ध्यानात आलं, मग तिच्या. अळ्या खायच्या थांबल्या होत्या. नंदाबाई उठली, भिंतीला कान लावला आणि परत बसली. तिचा आवाज बारीक झाला. "कल्याण, तोंडं वर करून पडल्या असतील रे. मागच्या साली अशाच पडल्या व्हत्या."

कल्याणही घाबरला असावा. म्हणाला, "दुसरं काही सुचत नाही. आकडे पुसून परत टाक. एकेक, सावकाश."

ती सावकाश निघाली. दोनच्या बटणावर तिचं बोट आलं आणि तिथंच थांबलं. दाब आला नाही. बोटाची ऊब मात्र येत होती.

"कल्याण."

"हं."

"बटणावरचा दोन बदकावानी हाय."

"असणारच. इंग्रजी दोन आहे."

"पडद्यावरच्या दोनला शेपूट हाय."

 कल्याण फोनमधून ओरडला, "आई! पडद्यावर मराठी दोन आहे?"

"आपला दोन हाय. शाळेतला."

"अगं, मराठी लागलेलं असताना आकडे टाकलेस तू! डब्याला मराठी आकडे येत नाहीत. त्याला वाटलं आकडाच नाही, म्हणून थांबला. आणि फोनवर दोन्ही दोन सारखेच ऐकू येतात. मी कसं ओळखणार!"

"तू त्याला मराठी शिकवलं न्हाई व्हय रे? केदारखेड्यात ठिवायचा डबा, अन् शिकवला इंग्लिश मीडियममधी!"

"आई, आधी पूस, मग भांड."

जुन्या जालन्यातल्या धुळीखाली माझा तो दोन बुजून गेलेला होता. तिनं मोरीवर घासून काढला होता, म्हणून त्या दुपारी तिला दिसला.

आकडे पुसले. हिरवी टिकली. दोन, पाच. सात, शून्य. "बदक हाय आता," ती म्हणाली. लाल टिकली. शिफ्ट धरून पहिली काळी. दुसरी. तिसरी. प्रत्येक वेळी मी टक् म्हटलं. जरा मोठ्यानंच म्हटलं असेन.

डब्यात खट झालं. कूलर घरघरला. फवार सुटली.

नंदाबाई शेडाकडं धावली नाही. जागेवरच बसून राहिली, माझ्यावर दोन्ही तळहात टेकून. सगळी बटणं अर्धवट दाबली गेली, पडद्यावर काय काय उमटलं असेल कोण जाणे. फोनमधून कल्याण "आई, आई, काय झालं?" विचारत होता.  भिंतीपलीकडं कूलरचाच आवाज होता. बऱ्याच वेळानं त्याच्या खालून कुरकुर ऐकू आली. आधी एका कोपऱ्यात. मग सगळीकडं.

"खाऊन राह्यल्या," नंदाबाई म्हणाली आणि पदरानं तोंड पुसलं.

मच्छिंद्र रिकामी बादली घेऊन दारात आला. अंगावरचा सदरा ओलाचिंब. बादली उपडी ठेवली आणि तिच्यावर बसला. कूलरचा आवाज ऐकत राहिला. मग म्हणाला,

"चालला."

नंदाबाई म्हणाली, "पुन्हा म्हणा."

"चालला म्हणतो ना. काय लिहून देऊ?"

"लिहून नको. श्री म्या लिहिते, तेवढं पुरं."

काही अळ्या गेल्या. खिडकीजवळच्या, उन्हाच्या बाजूच्या. बाकीच्या जगल्या आणि वेळेवर कोष विणायला लागल्या. पांढरे, टणक कोष. मच्छिंद्र एकेक कोष कानाजवळ हलवून बघायचा आणि कोणी बघत नाही असं बघून परत ठेवायचा. कांद्याचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. पावसाळ्याच्या आधी तुतीला शेणखत मात्र स्वतः ओढलं.

कल्याणनं फोनवरूनच डब्याला मराठी आकडे शिकवले. आता त्याला दोन्ही दोन ओळखू येतात. तरी नंदाबाई बदकच टाकते. म्हणते, एकदा अडलेला पाहुणा पुन्हा अडू शकतो.

आता मी थकलो आहे. लांब पट्टीचं बटण एका अंगानं बसतं. लाल टिकली घामानं दोनदा निघाली, दोनदा नवी लागली. काम चालू आहे. तुम्हाला एकच सांगणं: जुनी वस्तू फेकण्याआधी एकदा धुऊन बघा. नाही चालली तर फेका, मी अडवणार नाही.

कोष घेऊन दोघं जालन्याच्या बाजारात गेली, तेव्हा नंदाबाईनं मलाही सोबत घेतलं, अभ्र्यात घालून, मांडीवर. कोषांचा व्यवहार झाल्यावर ती जुन्या जालन्यात राधेश्यामच्या दुकानी आली. तोच कोंडा उडत होता, तोच ढीग होता. मला ढिगाकडं बघायचं नव्हतं, आणि बघता येतही नव्हतं. बरं झालं.

"राधेश्यामभाऊ, चहा घ्या," ती म्हणाली.

"कोणता चहा, ताई?"

"तुमी इसरला. म्या न्हाई इसरले." तिनं अभ्रा काढला.

राधेश्याम टिकल्यांकडं बघत राहिला. "अरे बापरे. याचं तर लग्न लावलं तुम्ही!"

"हात लावू नका. रांग मोडंल."

मच्छिंद्र समोरच्या टपरीवर गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात चहाचा कप होता. तो त्यानं स्वतः राधेश्यामच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाला, "उन्हाळा काढला त्यानं."

राधेश्यामनं चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि पिऊन टाकला. रिकामी बशी खाली ठेवली.

"फिटलं," नंदाबाई म्हणाली.